उन्हाळ्याची पहाट आणि माळावरचे शेजारी

वैशाख लागला म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातला माळ कसा दिसतो, ते तुम्हाला सांगायला नको. गवत वाळून पिवळे पडलेले असते. मुरूम उघडा पडलेला असतो. बाभळीची आणि हिवराची विरळ सावली, एवढाच काय तो आसरा. दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. कधी ४२, कधी ४३. कयाधू नदीचे पात्र कोरडे पडते. कुठे कुठे डोह उरतात, तेवढेच. अशा दुपारी बांधावर उभे राहून पाहिले तर पाखरूसुद्धा नजरेला पडत नाही. मग आपण म्हणतो, "माळावर काय आहे? धोंडे आणि कुसळं!"

पण मंडळी, माळ रिकामा नसतो. आपली पाहण्याची वेळ चुकते. हाच माळ पहाटे पाच ते आठ या वेळात पाहा. तिथे हरणे चरताना दिसतील. खोकड बिळाकडे परतताना दिसेल. तितर ओरडतील. टिटवी अंड्यांवर बसलेली असेल. माळावर आपले पुष्कळ शेजारी राहतात. ते कसे ओळखावेत, त्यांना धक्का न लावता कसे पाहावे आणि त्यांच्याशी आपला संसार कसा जुळवावा, हे या पाठात सांगितले आहे.

पहाटच का?

रात्री जमीन थंड होत जाते. दिवसभर साठवलेली उष्णता ती रात्रभर सोडत असते. म्हणून दिवस उगवण्याच्या सुमारास हवा सगळ्यांत गार असते. वैशाखात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर दोन तास, एवढाच वेळ जनावरांना सुखाने चरायला मिळतो. नऊनंतर जमीन तापते. मग जो तो सावली गाठतो.

राजस्थानात थरचे वाळवंट आहे. तिथे वाळू आणि आपल्याकडे मुरूम. तिथे पाऊस फारच थोडा. तरी कोरड्या मुलखात राहणाऱ्या जनावरांच्या युक्त्या सगळीकडे सारख्याच असतात. दुपारी हालचाल करायची नाही. अंगाचा रंग मातीसारखा. पाणी जपून वापरायचे. अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर आहे. तो जन्मभर पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. कोरड्या बियांतूनच त्याचे शरीर पाणी तयार करते. आपला माळावरचा ससा दिवसभर झुडपाखाली दबून बसतो. त्याचे कान लांब आणि पातळ असतात. त्यांत रक्ताच्या बारीक शिरांचे जाळे असते. अंगातली उष्णता त्या कानांवाटे बाहेर पडते. आपण पंख्याने वारा घेतो, ससा कानांनी अंग गार करतो.

निघण्यापूर्वी

माळावर जायचे तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पायांत बूट किंवा जाड वहाणा घाला. कुसळ तर टोचतेच, पण दगडाखाली फुरसे असू शकते. दगड उलटू नका. बिळात हात घालू नका. अंधारात निघालात तर हातात बॅटरी ठेवा.

पाणी बरोबर घ्या. डोक्याला पांढरे उपरणे किंवा रुमाल बांधा. पांढरे कापड दुरून दिसते, म्हणून जनावर पाहण्यापुरते ते काखेत धरा आणि परतताना डोक्याला बांधा. साडेआठपर्यंत घरी या. म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी एकटे जाऊ नये.

कुत्रा नेऊ नका. कुत्रा बरोबर असला म्हणजे काही दिसणार नाही आणि एखादे पाडस हकनाक मरेल.

कुणाला साप चावलाच तर काय करावे? चावलेला भाग कापू नका. तोंडाने विष ओढू नका. दोरीने करकचून बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. १०८ नंबरला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर औषध आहे आणि ते दवाखान्यातच मिळते.

माळाची धूळपाटी

आमच्या लहानपणी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने 'अ' काढायचा. माळावरची गाडवाट ही तशीच धूळपाटी आहे. रात्रभर जनावरे तिच्यावर लिहून जातात. पहाटे ते लिखाण ताजे असते. ठशाच्या कडा धारदार असतात. सात वाजता गुरे सुटली की पाटी पुसली गेली. म्हणून लवकर जायचे.

आता अक्षरओळख करून घेऊ.

टोकदार, मधून चिरलेला खूर दिसला तर ते हरीण. तसाच पण मोठा आणि जाड खूर दिसला तर रोही असावा. गाईचा खूर आणखी गोल असतो. चिरलेल्या खुराच्या मागे दोन बारीक टिंबे उमटली असतील आणि आसपास जमीन उकरलेली असेल, तर रात्री रानडुक्कर येऊन गेले.

चार बोटांचा ठसा आणि पुढे नखांच्या खुणा, हा कुत्र्याच्या जातीचा. कोल्हा, खोकड, लांडगा, सगळे यात आले. गावकुत्रा वाकडातिकडा हुंगत फिरतो. कोल्ह्या-लांडग्याचे ठसे बहुधा सरळ ओळीत जातात. त्याला पोटासाठी दूर जायचे असते, म्हणून तो पाऊल वाया घालवत नाही. ठसा गोल असेल आणि नखे उमटली नसतील, तर तो मांजराच्या जातीचा. मांजर चालताना नखे आत ओढून घेते. छोटा ठसा रानमांजराचा. खूप मोठा दिसला तर बिबट्या असू शकतो. तेव्हा पुढे न जाता माघारी फिरा आणि वनखात्याला कळवा.

सशाचा ठसा गमतीचा असतो. दोन पाय एकापाठोपाठ आणि त्यांच्या पुढे दोन पाय शेजारी शेजारी. पुढे उमटलेले पाय हे त्याचे मागचे पाय असतात! उडी मारताना तो मागचे पाय पुढे टाकतो. मधोमध शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजे असले तर घोरपड. नुसतीच नागमोडी रेघ असली तर साप.

हे वाचायला चार-सहा पहाटा लागतात. अक्षरे शिकायला तुम्हाला किती दिवस लागले, ते आठवा. मग हे अवघड वाटणार नाही.

कान उघडे ठेवा

उजाडायच्या आधी डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचे. पहिला आवाज बहुधा तितराचा येतो. एक बांधावरून ओरडतो, दुसरा झुडपातून जबाब देतो. मोर असले तर त्यांची केका ऐकू येते. १९६३ साली मोर हा आपल्या देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरला.

मग चिमणीएवढा एक पक्षी पाहा. तो सरळ वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर उठतो. डोंबाऱ्याचा खेळच जणू! म्हणून त्याचे नाव डोंबारी. चंडोलाच्या जातीचा हा पक्षी. नराचे पोट काळे असते. पण जमिनीवर बसला की पाठीचा मातकट रंग तेवढा दिसतो आणि तो ढेकळांत हरवून जातो.

टिटवीला मात्र शोधावे लागत नाही. तीच तुम्हाला शोधते. तुम्ही दूर असतानाच ती 'टिटिव् टिटिव्' करून रान डोक्यावर घेते. रात्री टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असे लोक मानतात. यात काही तथ्य नाही. कोल्हा, कुत्रा किंवा माणूस तिच्या अंड्यांजवळ आला म्हणजे ती ओरडते. ती माळाची राखणदार आहे.

काळवीट आणि हरिणी

आपल्या भागात हरीण म्हणतात ते बहुधा काळविटाच्या जातीचे. नर तो काळवीट. वय वाढते तशी त्याची पाठ काळी होत जाते. पोट पांढरे राहते. शिंगे लांब आणि पीळदार. मादी पिवळसर तपकिरी असते आणि तिला शिंगे नसतात. चितळ-सांबराची शिंगे ठराविक काळाने गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात.

काळविटाला दाट जंगल नको. त्याला मोकळा माळ पाहिजे. त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. दूरवर दिसले तर तो वाचतो. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास तो पळू शकतो. म्हणून त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरके चला. मध्येच थांबा. खाली बसा. त्याने मान वर केली की तुम्ही हालचाल बंद करा. शंभर-दीडशे पावलांवरून पाहिले तरी पुष्कळ दिसते. बांधाच्या आडोशाला अर्धा तास बसून राहिले तर कळप आपणहून जवळून जातो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हरिणी आपले पाडस गवतात लपवून चरायला जाते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही. त्यातच त्याचा बचाव असतो. आपल्याला वाटते, बिचारे आईवेगळे झाले. दया येते आणि आपण त्याला घरी आणतो. गाईचे दूध पाजतो. पुष्कळदा ते मरते. आणि तिकडे त्याची आई त्याच जागी येऊन शोधत राहते. म्हणून पाडस दिसले तर हात लावू नका. तिथून दूर व्हा. जखमी असेल तरच वनखात्याला कळवा.

रोही

रोही म्हणजे नीलगाय. तिला कुणी घोडा म्हणते, कुणी गाय म्हणते. ती घोडाही नाही आणि आपल्या गोठ्यातली गायही नाही. पण गाय-बैलांच्या कुळाशी तिचे नाते जवळचे आहे. मोठा नर निळसर राखाडी असतो. त्याला छोटी सरळ शिंगे असतात. मादी भुरकट, बिनशिंगाची. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. माळावर लेंड्यांचा असा ढीग दिसला तर पहाटे त्या बाजूला लक्ष ठेवा. रोही बोरी-बाभळीचा पाला खातात, शेंगा खातात. आणि हिरवे शेत दिसले की तेही खातात. त्याबद्दल पुढे बोलू.

खोकड, कोल्हा, लांडगा

या तिघांत लोकांची गफलत होते. खोकड सगळ्यांत लहान. मांजरापेक्षा थोडे मोठे. झुपकेदार शेपूट आणि शेपटीचे टोक काळे. ते उंदीर, टोळ, वाळवी, बोरे असे काहीही खाते. माळावर बीळ करून राहते. जो प्राणी रोज रात्री उंदीर मारतो, तो शेतकऱ्याचा बिनपगारी गडी समजा.

कोल्हा खोकडापेक्षा मोठा. त्याची कोल्हेकुई सगळ्यांनी ऐकली आहे. तोही उंदीर-घुशी खातो आणि मेलेले जनावर साफ करतो.

लांडगा कुत्र्याएवढा, पण पाय लांब. गावकुत्र्याची शेपूट वर वळते, लांडग्याची खाली लोंबते. तो ससे, उंदीर, पाडसे खातो. जमले तर मेंढीही नेतो. धनगर बांधवांना हे चांगले ठाऊक आहे. लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण कोणतेही जनावर पिसाळले की धोका असतो. कोल्हा, लांडगा, कुत्रा, कुणीही चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

उघड्यावरची अंडी

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. माळावरचे पुष्कळ पक्षी झाडावर घरटे करीत नाहीत. ते जमिनीवरच अंडी घालतात. आणि ती घालण्याचा त्यांचा मोसम बहुतेक याच उन्हाळ्यात येतो.

टिटवी बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा आणि त्यांवर काळसर ठिपके. भोवती बारीक खडे किंवा शेळीच्या लेंड्या. दहा पावलांवरून पाहिले तरी अंडे कोणते आणि खडा कोणता ते कळत नाही. उन्हाने अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी दुपारी त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. पाणवठ्यावर जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडले तर पायांवर झेलीन म्हणते, अशी गोष्ट आपण ऐकतो. ती गोष्ट खोटी. पण अंड्यांसाठी ती उन्हात उभी राहते, हे खरे.

दुसरी पखुर्डी. कबुतराएवढी, मातकट रंगाची. ती कोरडे बी खाते. म्हणून तिला रोज पाणी लागते. दिवस वर आला की पखुर्ड्यांचे थवे वेगाने पाणवठ्याकडे जातात. पिल्ले लहान असतात तेव्हा त्यांना उडता येत नाही. मग नर काय करतो? पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटावरची पिसे टिपकागदासारखी पाणी धरतात. तसाच उडत तो पिल्लांकडे येतो. पिल्ले त्याची पिसे चोखून पाणी पितात. डोक्यावर घागर घेऊन लांबून पाणी आणणारी आपली माउली आणि हा पक्षी, दोघांचे कष्ट एकाच जातीचे.

आता विचार करा. याच दिवसांत आपण बांध पेटवतो. बांध साफ होतो, असे आपण म्हणतो. पण त्या आगीत किती अंडी, किती पिल्ले, किती सरडे जळतात, ते आपल्याला दिसत नाही. कारण आपण त्यांना आधी पाहिलेलेच नसते.

पाण्यावरची वर्दळ

उन्हाळ्यात जिथे पाणी तिथे जनावर. कयाधूचा डोह, पाझर तलाव, सिद्धेश्वर धरणाचा काठ, इसापूर धरणाचा फुगवटा, अशा जागी ओल्या चिखलात ठसे स्वच्छ उमटतात. इसापूरच्या जलाशयावर २०१४ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले.

पाणवठ्याच्या अगदी काठावर बसू नका. तुम्ही तिथे बसलात तर तहानलेले जनावर परत जाईल. उन्हाळ्यात एक पाळी हुकणे त्याला महागात पडते. दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा. म्हणजे वारा जनावराकडून तुमच्याकडे यावा. नाही तर तुमचा वास आधी पोचतो.

जे गेले ते

माळावर एके काळी आणखी दोन मोठे रहिवासी होते. एक चित्ता. काळविटामागे धावणारा. शिकार झाली, माळ कमी झाले आणि चित्ता संपला. १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे ७० वर्षांनी, २०२२ साली, आफ्रिकेतून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनो येथे सोडावे लागले. हरवायला काही लागले नाही. परत आणायला सात समुद्र ओलांडावे लागले.

दुसरा माळढोक. पुरुषभर नाही, पण कमरेच्या वर येईल एवढा उंच पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यात नान्नजचे अभयारण्य झाले. तरी तो महाराष्ट्रात आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक राजस्थानात. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. ते एक अंडे कुत्र्याने खाल्ले, गुराच्या पायाखाली आले किंवा आगीत गेले, की त्या वर्षाचा वंश बुडाला.

टिटवी, पखुर्डी, काळवीट अजून आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये.

"माझा भुईमूग कोण पाहील?"

हे सगळे आम्ही एका गावात सांगत होतो. तेव्हा एक शेतकरी उठून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही हरणं पाहा हो. पण माझा भुईमूग कोण पाहील? एका रात्रीत रोह्यांनी अर्धं वावर लोळवलं."

त्यांचे म्हणणे खरे होते. उन्हाळ्यात माळावरचे गवत संपते आणि खाली उन्हाळी भुईमूग हिरवागार असतो. भुकेले जनावर तिकडे जाणारच. नुकसान होते आणि ते गरिबाला सोसत नाही. ज्याचे शेत गेले त्याला 'प्राण्यांवर दया करा' एवढेच सांगणे बरोबर नाही.

पण उपाय कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. काही लोक कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे फार भयंकर आहे. त्या तारेवर हरीण मरते, आपला बैल मरतो, आणि रात्री पाणी द्यायला आलेला आपलाच भाऊ मरतो. असे कितीतरी मृत्यू झाले आहेत. हा गुन्हा आहे. फास लावणे, विष घालणे हाही गुन्हा आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट, लांडगा, मोर यांना त्यात सगळ्यांत वरचे संरक्षण आहे. त्यांना मारले तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ससा आणि तितर मारणेही कायद्याने बंद आहे.

मग करावे काय? रोही, हरीण किंवा डुकराने पीक खाल्ले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. शेताचा सातबारा जोडावा. नुकसान तसेच राहू द्यावे, म्हणजे पंचनामा होतो. लांडग्याने शेळी-मेंढी मारली तर तीही भरपाईत बसते. मात्र लगेच कळवावे आणि मेलेले जनावर हलवू नये. भरपाई उशिरा येते, पुरी पडत नाही, अशी पुष्कळांची तक्रार असते. पण अर्जच दिला नाही तर काहीच येत नाही. आणि आता अर्ज लिहायला दुसऱ्याच्या पाया पडायचे तुम्हाला कारण नाही. तुम्ही लिहायला शिकला आहात. अर्ज स्वतः लिहा. त्याची पोच मागून घ्या.

राखणही एकट्याने करू नये. चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जागल करावी. पिकाच्या मोसमात ती रात्र हलकी जाते.

आपण काय करावे

बांध पेटवू नका. पेटवलेच पाहिजे असे वाटले तर आधी बांध चालून पाहा. काडीकचरा खड्ड्यात घालून कुजवला तर खत मिळते.

नांगरताना टिटवी ओरडू लागली तर थांबा. अंडी शोधा. तेवढी चार हात जागा खुणेचा दगड ठेवून सोडा. अंडी साधारण महिन्याभरात फुटतात आणि पिल्ले लगेच चालू लागतात.

जमिनीबरोबर असलेल्या विहिरीला कठडा बांधा. कठड्याला पैसा नसेल तर बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करा. उन्हाळ्यात तहानेने आलेली जनावरे अशा विहिरीत पडतात. आपली लेकरेही पडू शकतात.

शेताच्या कडेला पाण्याची पसरट कुंडी ठेवा. तिच्यात एक-दोन दगड टाका, म्हणजे पाखरू, खार बुडणार नाही. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे डास होणार नाहीत.

मोकाट कुत्र्यांचे टोळके हरणामागे लागले तर हाकलून द्या. उरलेले अन्न आणि मेलेली जनावरे गावाबाहेर उघड्यावर टाकू नका. त्यानेच कुत्री वाढतात.

एक वही करा. पहाटे माळावर काय पाहिले, ते तारीख घालून लिहा. 'आज सात हरणे. एक काळवीट.' एवढे लिहिले तरी पुरे. दोन-तीन उन्हाळे लिहीत राहा. मग माळावर जनावर वाढले की कमी झाले, हे तुमच्या गावाला तुमच्या वहीतून कळेल.

आठवा आणि सांगा

१. पहाटेच्या वेळी माळावर जनावरे जास्त का दिसतात?

२. कुत्र्याच्या आणि मांजराच्या जातीचा ठसा कसा ओळखावा?

३. गवतात एकटे पाडस दिसले तर काय करावे? का?

४. उन्हाळ्यात बांध पेटवल्याने कोणाचे नुकसान होते?

५. रोह्यांनी पीक खाल्ले, असे समजून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पाच ओळींचा अर्ज लिहा.